सगळ्यांत आधी उभा राहिलेला मुलगा



शाळेच्या आठवणी, सहली, गॅदरिंग, खाल्लेला मार या सगळ्याबद्दल या स्मरणिकेत इतर जण माझ्यापेक्षा कितीतरी छान लिहितील. मी आपल्या शाळेशी काहीही संबंध नसलेल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. कारण साधे आहे. या मेळाव्याच्या निमित्ताने आपण बॅचतर्फे एक शिष्यवृत्ती निधी उभा करतो आहोत. त्याच्या अटी काय असाव्यात यावर आपल्या ग्रुपवर बरेच दिवस चर्चा चालू आहे. मुलाने अमुकच शाखा घ्यावी का, शिकून गावाकडे परत यायचे लिहून द्यावे का, नापास झाला तर पैसे थांबवावेत का, वगैरे. या प्रश्नांशी ज्याने आयुष्यभर झुंज दिली असा एक माणूस दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव युंग विंग. चीनच्या प्रमाण उच्चारात रोंग होंग. चीनमध्ये त्याचे नाव परिचित आहे. आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला माहीत नाही.

युंग विंगचा जन्म १८२८ सालचा, दक्षिण चीनमधल्या नानपिंग या खेड्यातला. शेजारीच मकाव बंदर. गोव्याप्रमाणे तेही पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. घरची गरिबी. मोठ्या भावाला वडिलांनी रीतसर चिनी पद्धतीच्या शाळेत घातले आणि या धाकट्याला सातव्या वर्षी मकावमध्ये एका मिशनरी बाईंच्या शाळेत नेऊन सोडले. परदेशी लोकांशी व्यापार वाढतो आहे, तेव्हा एका मुलाला इंग्रजी आले तर घराला हातभार लागेल, एवढाच हिशोब त्यामागे असावा. ती शाळा मुख्यतः मुलींची होती. युंग विंग अगदी लहान म्हणून त्याला मुलींबरोबरच वरच्या मजल्यावर ठेवले. तिथला कोंडमारा सहन न होऊन या पठ्ठ्याने पहिल्याच वर्षी सहा मुलींना बरोबर घेतले, नाव ठरवली आणि पळ काढला. वाटेतच पकडले गेले. मग सगळ्यांना डोक्यावर कागदी टोप्या घालून शाळेसमोर टेबलावर तासभर उभे केले. मध्यभागी हा, छातीवर पळपुट्यांचा म्होरक्या अशी पाटी. आपल्या वर्गातल्या ज्यांचा बाकावर उभे राहण्याचा विक्रम आहे त्यांना हे वाचून बरे वाटेल!

पुढे शाळा बंद पडली. १८४० मध्ये वडील वारले. आई, चार भावंडे आणि घरात काही नाही. बारा वर्षांचा युंग विंग पहाटे उठून गोळ्या-मिठाई विकायचा. भाताची कापणी सुरू झाली की बहिणीबरोबर शेतात सरवा वेचायला जायचा. तिथे बहिणीने कापणी करणाऱ्यांच्या मुकादमाला सांगितले, की माझ्या भावाला इंग्रजी येते. मुकादमाला मजा वाटली. त्याने म्हणून दाखवायला सांगितले, आणि युंग विंगने गुडघाभर चिखलात उभे राहून इंग्रजीची सव्वीस अक्षरे म्हणून दाखवली. त्यावर खूश होऊन मुकादमाने भाताच्या इतक्या पेंढ्या दिल्या, की दोघा भावंडांना त्या उचलून घरी नेता येईनात. शिक्षणातून मिळालेली ही त्याची पहिली कमाई.

नंतर छापखान्यात कागद घडी करण्याचे काम केले, थोडे पैसे आईला पाठवले, आणि १८४१ मध्ये पुन्हा शाळेत आला. ही मॉरिसन स्कूल. पुढच्याच वर्षी ती हाँगकाँगला हलली. तिथले मुख्याध्यापक रेव्हरंड सॅम्युअल ब्राउन हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे पदवीधर. चांगला शिक्षक मिळाला की आयुष्याची दिशा बदलते हे आपण सगळ्यांनी अनुभवलेले आहे. १८४६ मध्ये ब्राउन सरांनी वर्गात सांगितले, की प्रकृतीच्या कारणाने मी मायदेशी परत चाललो आहे आणि काही मुलांना शिक्षणासाठी बरोबर नेण्याची माझी इच्छा आहे. यायची ज्यांची तयारी असेल त्यांनी उभे राहावे. वर्गात शांतता पसरली. सगळ्यांत आधी युंग विंग उभा राहिला. त्याच्या मागोमाग आणखी दोघे उठले.

आईची समजूत काढायला खूप वेळ लागला. शेवटी डोळ्यांत पाणी आणून तिने होकार दिला. हाँगकाँगच्या काही व्यापारी आणि पत्रकार मंडळींनी शिक्षणाचा खर्च उचलला आणि घरच्यांनाही दोन वर्षे पैसे देण्याचे कबूल केले. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाची फी भरली तरी त्याच्या कमाईवर जगणाऱ्या घराचे काय, हा विचार त्या लोकांनी तेव्हाच केला होता. ४ जानेवारी १८४७ रोजी हंट्रेस नावाच्या चहा वाहून नेणाऱ्या जहाजातून ते निघाले आणि ९८ दिवसांनी, १२ एप्रिलला न्यूयॉर्कला उतरले. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्याच्या छत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

मॅसॅच्युसेट्समधल्या मॉन्सन अकादमीत दोन-तीन वर्षे शिकल्यावर येलला जायची वेळ आली, पण पैसे संपले होते. मॉन्सनच्या विश्वस्तांकडे गरीब मुलांसाठी निधी होता. अट एकच. शिकून मिशनरी होईन आणि धर्मप्रचारासाठी चीनला परत जाईन असे लिहून द्यायचे. युंग विंग स्वतः ख्रिस्ती झालेला होता आणि त्याला चीनला परतही जायचे होते. म्हणजे सही करायला काहीच हरकत नव्हती. तरीही त्याने नकार दिला. शिकून आपण कशा प्रकारे देशाच्या उपयोगी पडू हे अजून आपल्यालाच कळलेले नाही, मग आज स्वतःला बांधून घेतले तर उद्या समोर येणारी जास्त मोठी संधी हातची जाईल, असे त्याचे म्हणणे होते. परदेशात, खिशात दमडी नसताना वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने हे ठरवले. ब्राउन सरांनीही रागावून हात झटकले नाहीत. त्यांनी दक्षिणेतल्या सव्हाना शहरातल्या एका महिला मंडळाकडे शब्द टाकला, आणि त्या अनोळखी बायकांनी कोणतीही अट न घालता मदत केली.

१८५० मध्ये तो येलला गेला. त्याची पूर्वतयारी अगदीच तोकडी होती. लॅटिन पंधरा महिने, ग्रीक बारा महिने आणि गणित दहा महिने, एवढ्या शिदोरीवर तो तयारीच्या मुलांमध्ये बसला. कॅल्क्युलसने त्याला रडवले. (इंजिनिअरिंगच्या एम-वन, एम-टूची आठवण झालेल्यांनी हात वर करा.) पण इंग्रजी निबंधात मात्र दुसऱ्या वर्षी सलग दोन सत्रे पहिले बक्षीस मिळवले. जेवणाच्या मेसचे किराणा-भाजीचे व्यवस्थापन करून आणि वाढपी होऊन त्याने स्वतःच्या जेवणाचा खर्च भागवला. १८५४ मध्ये तो पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी घेणारा हा पहिला चिनी माणूस. येलमध्ये असतानाच, १८५२ मध्ये, त्याने अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले होते. शेवटच्या वर्षी एक विचार त्याच्या मनात पक्का झाला. मला जे मिळाले ते माझ्या देशातल्या पुढच्या पिढीला मिळाले पाहिजे.

परतीचा प्रवास आणखी लांबला, १५४ दिवस. हाँगकाँगजवळ चिनी वाटाड्या जहाजावर आला, तेव्हा कप्तानाने याला दुभाष्याचे काम करायला सांगितले. पण समुद्रातल्या खडकांना चिनीत काय म्हणतात तेच युंग विंगला आठवेना! सारे जहाज हसले. घरी आईने पदवीबद्दल ऐकून घेतले आणि विचारले, याचे पैसे किती मिळतात? मग तिची नजर मिशीकडे गेली. थोरल्या भावाने मिशी ठेवलेली नसताना धाकट्याने ठेवावी हे तिला रुचले नाही. येलचा पदवीधर मुकाट्याने न्हाव्याकडे जाऊन आला.

इथून पुढचा काळ चिकाटीचा आहे. पदवी १८५४ ची आणि योजनेला मंजुरी १८७० च्या अखेरीस. मधली सोळा वर्षे युंग विंग यांनी काय केले? वकिलातीत चिटणीस, कोर्टात दुभाषी, कस्टममध्ये भाषांतरकार, चहाचे व्यापारी. कस्टमची नोकरी चांगल्या पगाराची होती. पण चिनी माणसाला तिथे वरच्या जागेवर कधीच जाता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी ती सोडली. १८६० मध्ये ते ताइपिंग बंडखोरांच्या राजधानीत, नानजिंगला जाऊन आले. त्यांच्यापुढेही शाळांची योजना मांडली, पण देऊ केलेला हुद्दा घेतला नाही.

१८६३ मध्ये साम्राज्यातले सर्वांत वजनदार अधिकारी झेंग ग्वोफान यांनी त्यांना बोलावले. चीनसाठी आत्ता काय करावे, असा प्रश्न होता. युंग विंग यांच्या मनात शिक्षण होते, पण समोरच्याला यंत्रे हवी होती हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी सल्ला दिला, की थेट बंदुका बनवणारा कारखाना काढू नका. यंत्रे बनवणारी यंत्रे आधी आणा, मग त्यातून हवा तो कारखाना उभा करता येईल. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षे काढल्यावर मी छातीठोकपणे सांगते, हा सल्ला आजच्या कोणत्याही प्रोजेक्ट मीटिंगमध्ये शोभेल. झेंग यांनी ६८,००० ताएल, म्हणजे चांदीच्या वजनावर चालणारे तिथले चलन, त्यांच्या हवाली केले आणि अमेरिकेला पाठवले. मॅसॅच्युसेट्समध्ये यंत्रे तयार होत होती तेवढ्यात, १८६४ च्या उन्हाळ्यात, ते येलला आपल्या वर्गाच्या दहाव्या वर्षाच्या मेळाव्याला हजर राहून आले. म्हणजे हे आपल्यासारखेच. कामाच्या निमित्ताने आले आणि जमवले! पुढच्या वर्षी यंत्रे शांघायला सुखरूप पोचली. त्यांच्यावर जियांगनानचा शस्त्रकारखाना उभा राहिला आणि युंग विंग यांनी त्याला जोडून यंत्रविद्येची शाळाही काढायला लावली.

आता त्यांच्या शब्दाला वजन आले होते. त्यांनी सरकारला चार सूचना केल्या. चिनी मालकीची जहाज कंपनी काढावी, मुलांना परदेशी शिकायला पाठवावे, खाणी काढाव्यात, आणि मिशनऱ्यांच्या न्यायनिवाड्याच्या अधिकाराला आळा घालावा. खरे तर त्यांना फक्त दुसरी सूचना मंजूर करून घ्यायची होती. बाकीच्या तीन तिच्या सोबतीला दिल्या होत्या, लाजऱ्या मुलीला कार्यक्रमाला एकटे न पाठवता मैत्रिणींबरोबर पाठवतात तशा. तरी दोन-तीन वर्षे काही हलले नाही. १८७० मध्ये त्यांचे स्नेही डिंग रिचांग यांनी मध्यरात्री त्यांना झोपेतून उठवून सांगितले, की झेंग आणि इतर अधिकाऱ्यांनी दरबाराकडे संयुक्त अर्ज केला आहे. त्या रात्री पुन्हा झोप लागणे शक्यच नव्हते.

योजना अशी होती. एकूण १२० मुले, दर वर्षी तीस याप्रमाणे चार तुकड्या, वय साधारण बारा ते पंधरा, शिक्षणाचा काळ पंधरा वर्षे, खर्च सरकारचा. बरोबर चिनी शिकवायला शिक्षक. प्रमुख दोन, युंग विंग आणि जुन्या परंपरेतले विद्वान चेन लानबिन. आणि पालकांकडून लेखी करार. पंधरा वर्षे मुलगा सरकारचा. आजारपण, अपघात, मृत्यू यांची जबाबदारी सरकारवर नाही. मुले कोणते विषय शिकणार आणि परत आल्यावर काय करणार हेही सरकारच ठरवणार.

वाचताना मी इथे थबकले. ज्या माणसाने एका अटीवर सही नाकारली, त्यानेच आता १२० घरांकडून करार लिहून घेतले. याला ढोंग म्हणता येणार नाही. दरबाराकडून पैसा मिळवायचा तर त्याला दुसरा मार्ग नव्हता. पण पुढे जे घडले त्याचे बीज त्या करारातच होते.

चांगल्या घरचे लोक मुले द्यायला तयार होईनात. शेवटी युंग विंग स्वतः हाँगकाँगला जाऊन मुले गोळा करून आले. बहुतेक मुले दक्षिणेतली, त्यांच्याच मुलुखातली निघाली. १८७२ च्या मार्चमध्ये झेंग वारले आणि योजनेचा मोठा आधार गेला. तरी ऑगस्टमध्ये पहिली तीस मुले निघाली. कनेक्टिकटचे शिक्षणाधिकारी बर्डसी नॉर्थ्रोप यांच्या सल्ल्यावरून मुलांना वसतिगृहात न ठेवता दोन-दोन, तीन-तीन करून घराघरांत ठेवले. आपल्याकडे वार लावून जेवणारी मुले असत, त्याच्या पुढचे पाऊल म्हणा ना. मुले यजमान बाईंना आईच्या जागी मानू लागली. इंग्रजी भराभर आले. मुले लांब वेणी सदऱ्यात खोचून बेसबॉल खेळू लागली. त्यांनी स्वतःचा संघसुद्धा काढला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांच्या वह्या मांडल्या गेल्या आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट त्यांना भेटले. त्याच वर्षी येलने युंग विंग यांना मानद डॉक्टरेट दिली. आदल्या वर्षी त्यांनी मेरी केलॉग या कनेक्टिकटच्या मुलीशी लग्न केले होते.

आणि नेमके हेच पेकिंगला खुपू लागले. मुले चिनी विसरत आहेत, अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकत नाहीत, चर्चमध्ये जातात, उद्या ही आपली राहणार नाहीत, अशा तक्रारी नव्या अधीक्षकाने लावून धरल्या. तिकडे अमेरिकेने करारात शब्द असूनही या मुलांना लष्करी आणि नौदल अकादमीत घ्यायला नकार दिला. चिनी मजुरांविरुद्ध वातावरण तापत होते. दोन्हीकडून दार बंद होऊ लागले. येलचे अध्यक्ष पोर्टर यांनी पत्र लिहिले. लेखक मार्क ट्वेन आणि पाद्री ट्विचेल यांनी ग्रँट यांनाही लिहायला लावले. उपयोग झाला नाही. १८८१ मध्ये योजना गुंडाळली गेली. साठाहून अधिक मुले कॉलेजात किंवा तांत्रिक शाळांत होती. पदवी पुरी झालेले फक्त दोन. साधारण शंभर मुले जहाजात बसवली गेली. शांघायला स्वागताऐवजी पहारा मिळाला आणि एका ओल्या, घाणेरड्या इमारतीत त्यांना कोंडले गेले. पंधरा वर्षांची योजना नऊ वर्षांत संपली.

युंग विंग यांचे पुढचे आयुष्य सोपे गेले नाही. १८८६ मध्ये पत्नी वारली, दोन लहान मुले मागे राहिली. १८९८ मध्ये चीनमधल्या सुधारणावाद्यांना साथ दिली म्हणून त्यांना पेकिंगमधून पळावे लागले. त्याच वर्षी अमेरिकेने चिनी लोकांविरुद्धच्या कायद्यांचा आधार घेऊन, जवळजवळ अर्धशतकापूर्वी दिलेले नागरिकत्व अमान्य केले. चीनला ते फार अमेरिकन वाटले आणि अमेरिकेला फार चिनी. तरीही १९०२ मध्ये धाकट्या मुलाचा येलमधला पदवीदान समारंभ बघायला ते कसेबसे अमेरिकेत पोचलेच. २१ एप्रिल १९१२ रोजी हार्टफर्डमध्ये त्यांचे निधन झाले.

मग योजना फसली का? पदवी घेतलेल्या त्या दोघांपैकी एक होता जान तियानयो, येलचा सिव्हिल इंजिनिअर. परत आल्यावर त्याला नौदल शाळेत धाडले आणि पुढे इंग्रजी शिकवायला लावले. रेल्वेला हात लावायला सात वर्षे लागली. पण १९०५ ते १९०९ या काळात त्यानेच पेकिंग ते झांगजियाको हा डोंगरातला रेल्वेमार्ग बांधला, परदेशी इंजिनिअरांच्या मदतीशिवाय चीनने बांधलेला पहिला मोठा मार्ग. चढ इतका तीव्र होता, की गाडी एका ठिकाणी पुढे जाऊन उलट्या दिशेने मागे चढते, आपल्या जुन्या बोरघाटाच्या रिव्हर्सिंग स्टेशनसारखी. त्यातलाच तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला, युंग विंग यांच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. काही जण १८८४ आणि १८९४ च्या नौदल लढायांत मारले गेले. ज्यांच्या निष्ठेवर शंका घेतली होती ती हीच मुले.

मला सर्वांत भावतो तो लियांग चेंग. अर्ध्यावर परत बोलावलेला हा बेसबॉलपटू १९०३ मध्ये चीनचा राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडाची अमेरिकेने जास्तीची रक्कम लावली आहे, हे त्याने धरून ठेवले आणि ती परत करायला लावण्यासाठी पाठपुरावा केला. १९०८ मध्ये अमेरिकेने ते मान्य केले. त्या पैशातून १९०९ पासून पुन्हा मुले अमेरिकेला जाऊ लागली. त्यांच्या तयारीसाठी १९११ मध्ये जी शाळा निघाली तीच आजचे जगप्रसिद्ध त्सिंगह्वा विद्यापीठ. आणि १९१२ मध्ये तिथला पहिला अध्यक्ष झाला तांग ग्वोआन, पुन्हा त्या १२० मुलांपैकीच एक. बंद केलेले दार आतल्या मुलांनीच मोठे होऊन उघडले. ही कामे कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती.

म्हणून आपल्या निधीबद्दल माझे मत मी इथेच लिहून ठेवते. निवड करताना कसून पारख करू या. एकदा मूल निवडले की मात्र कशाचेही लिहून घ्यायला नको, ना शाखेचे, ना परत येण्याचे. घरच्या अडचणीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवू या, कारण हुशार मुलाची शाळा बहुधा फीमुळे सुटत नाही, घरच्या हलाखीमुळे सुटते. ज्या शहरात ते मूल शिकायला जाईल तिथल्या आपल्यापैकी कोणीतरी त्याला रविवारी जेवायला बोलवावे. पुणे, नाशिक, बंगळूर, अगदी न्यू जर्सीतसुद्धा आपले कोणी ना कोणी आहेच. आणि निधी एकाच माणसाच्या उत्साहावर चालता कामा नये. झेंग गेले आणि योजना पोरकी झाली, तसे आपले होऊ नये. नियम, खाते आणि सह्या निदान तिघांच्या हाती असाव्यात.

बाई आणि सर, तुमच्यासाठी एक विनंती. आजही एखाद्या वर्गात, कोण येतं, असे विचारल्यावर लगेच उठणारे एखादे पोर असतेच. बऱ्याचदा ते पहिल्या पाचांतले नसते, आणि कधीकधी ते आदल्या वर्षी पळून जाऊन शिक्षा खाल्लेलेही असते. ते तुम्हालाच आधी दिसते. त्याचे नाव आम्हाला कळवा. पुढचे आम्ही बघतो.